वहीतलं ‘नाही’

वॉशिंग मशीन टिंग करून थांबलं, आणि घरातली शांतता दचकली. आत चिऊच्या चादरी होत्या, दुसऱ्यांदा धुतलेल्या. चिऊ, माझी चार वर्षांची पोर, सोफ्यावर मुटकुळं करून झोपली होती. तिच्या कपाळावरचे केस मी मागे सारत होते, तेवढ्यात पाळणाघराच्या ताईंचा फोन आला. तो मी स्पीकरवर टाकला.

“उद्या पाळणाघर सुरूच ठेवतोय गं. आज सहाजणं आडवी झाली, उलट्या नि जुलाब. धाकट्या बाळाला सलाइन लावलंय.”

सात महिन्यांचं बाळ. चिऊ स्वतःच्या तोंडातला खुळखुळा काढून त्याच्या तोंडात घालते. सगळे कौतुकानं हसतात.

“कशानं झालं, ताई?”

“दुधानं, आणखी कशानं! स्वयंपाकाच्या मावशींना घरी पाठवलं. बारा वर्षं राबल्या बिचाऱ्या, जाताना रडल्या. उद्यापासून दूध बाहेरून आणायचं.”

“आणि खेळणी?”

“खेळण्यांनी काय घोडं मारलंय? पुसली फडक्यानं.”

रविवारी रात्री चिऊला तीनदा उलटी झाली होती. उलटी थांबून दोन दिवस झाल्याशिवाय मूल आणायचं नाही, असा तिथला नियम. पण माझ्या रजा संपल्या होत्या. सोमवारी सकाळी तिला मळमळीचं औषध पाजलं, स्वच्छ फ्रॉक घातला, आणि दारातल्या वहीत ‘रात्री उलटी-जुलाब?’ यापुढे माझ्याच हातानं लिहिलं, ‘नाही’. वाटलं, एका दिवसानं काय आभाळ कोसळणार आहे?

“वही चाळली मी,” ताई म्हणाल्या. “सगळ्यांचं ‘नाही’च आहे. तरी डॉक्टर म्हणतात, एकेका आईला विचारा. कारण दूध नसेल तर उद्या दार उघडूच नका, म्हणाले. आधीच कुणाला झालं असेल, तर सगळं खोलीभर पसरलेलं असणार. तुझी चिऊ ठणठणीत होती ना गं रविवारी?”

खरं सांगितलं तर ताई चिऊला परत घेतील? नाही सांगितलं तर उद्या सकाळी त्याच खोलीत आणखी दहा लेकरं रांगतील.

“हॅलो? आहेस ना?”

चिऊ उठून बसली होती. कधीपासून ऐकत होती, देव जाणे. डोळे चोळत ती माझ्या मांडीवर चढली आणि फोनकडे बघत म्हणाली, “आई, मावशींना का घरी पाठवलं?”