फोपनारची अर्धी पोथी

लेखकाला पुस्तक लिहिण्यात जेवढं सुख नसतं, तेवढं ते येणार आहे असं सांगत हिंडण्यात असतं. लिहिताना मान मोडते, छापून आल्यावर चुका डोळ्यांत खुपतात. मधले दिवस तेवढे मौजेचे. बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात राहणारे, हायस्कुलात विज्ञान शिकवणारे गिरधर मास्तर त्या दिवसांत अगदी हवेत होते.

त्यांची कादंबरी येणार होती. नाव ‘तांबड्या मातीचा तारा’. प्रभंजन नावाचा शास्त्रज्ञ स्वतः बांधलेल्या यानात बसून मंगळावर जातो, अशी गोष्ट. देशात एकेक संस्थान विलीन होत होतं, शाळेतले नकाशे बदलता बदलता शिपाई कंटाळला होता, आणि मास्तर मंगळाचे डोंगर मोजत होते. पुण्याच्या प्रकाशकाला कादंबरी आवडली होती, पण छापायला कागद मिळत नव्हता. जवळच नेपानगरला कागदाचा कारखाना उभा राहत होता. त्यातून अजून एक कपटाही निघाला नव्हता. तोवर प्रकाशकाने मास्तरांना कामाला लावलं. गावोगाव जा, सुरुवातीची प्रकरणं वाचून दाखवा, प्रभंजन मंगळावर अडकला की हस्तलिखित मिटा आणि सांगा, पुढचं पुस्तकात. शेवट मात्र कुणाला कळता कामा नये.

मास्तरांनी हौसेने जाहिराती छापून घेतल्या. छापखान्यात यानाचा ठसा कुठून असणार? छापखानेवाल्याने दिवाळीच्या बाणाचा ठसा लावून दिला. त्यामुळे चार माणसं फटाक्यांचा भाव विचारून गेली. वाचनालयात वाचन झालं तेव्हा पुढच्या बाकावरचे एक वकील म्हणाले, “मास्तर, मंगळाचं राहू द्या, बुऱ्हाणपूर कुठल्या प्रांतात राहणार तेवढं सांगा!” सगळे खो खो हसले. घरी बायको कमल कौतुकाने ऐकायला बसायची आणि प्रभंजन ढगांच्या वर पोचेपर्यंत डुलक्या घ्यायला लागायची. मास्तर वरवर हसायचे, पण आतून तुटायचे. कुणीतरी एकदा आपलं लिहिलेलं जीव लावून ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती भुकेसारखी पोटात बसली होती.

ती भूक भागली फोपनारला, आणि भलत्याच रीतीने.

जवळच्या फोपनार गावचे शेतकरी उखर्डू केळी घेऊन शहरात आले होते. त्यांनी जाहिरात कुणाकडून तरी वाचून घेतली. ‘ग्रंथाचे जाहीर वाचन, सर्वांनी लाभ घ्यावा’, एवढं ऐकल्यावर त्यांनी ठरवून टाकलं की ही पोथी आहे. गावात दुपारच्या वेळी बायका पोथी ऐकायला जमत, आणि पोथी सांगणारे महाराज दोन वर्षांपूर्वी वारले होते. उखर्डू थेट शाळेत आले आणि मास्तरांना आमंत्रण देऊन गेले.

मास्तर सायकलवरून पोचले तर ओसरी सारवलेली, चौरंग मांडलेला, समई लावलेली. मास्तरांनी काही म्हणायच्या आत एका बाईने हस्तलिखिताच्या पहिल्या पानाला हळद-कुंकू लावलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. आपण विज्ञानाचे शिक्षक आहोत, ही पोथी नव्हे, हे सांगायचं मास्तरांच्या ओठांवर आलं होतं. पण ओसरीभर बायका हात जोडून बसल्या होत्या. मास्तरांनी घसा साफ केला आणि वाचायला घेतलं.

दोन दुपारी वाचन झालं. प्रभंजन बायकोचा निरोप घेतो ते प्रकरण आलं तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आपल्या वाक्याला कुणी रडलेलं मास्तरांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांचा आवाज चढला, हातवारे सुरू झाले. सगळ्यांत पुढे बसलेली म्हातारी मनकर्णा, उखर्डूंची वहिनी, तर पापणी लववत नव्हती. तिने प्रभंजनला लगेच आपलंसं करून टाकलं होतं. ती त्याला ‘परभ्या’ म्हणायला लागली होती. दुसऱ्या दुपारी यान मंगळावर आपटलं, मोडलं, प्रभंजन तांबड्या मातीत एकटा उभा राहिला. मास्तरांनी ठरल्याप्रमाणे कागद मिटले आणि हसून म्हणाले, “पुढे काय झालं ते पुस्तकात!”

कुणी उठलं नाही.

“मास्तर,” उखर्डू हळूच म्हणाले, “पोथी अशी अर्धी नही बांधत. उघडली का पुरी करा लागते. अर्धी ठेवली त ऐकनाऱ्याच्या घरावर येते.”

मास्तरांनी हसण्यावारी नेलं, प्रकाशकाची अट सांगितली, पुस्तक निघालं की पहिली प्रत फोपनारला देईन म्हणाले आणि सायकलवर टांग मारली. पण रस्ताभर त्यांना मनकर्णेचा चेहरा दिसत राहिला.

आठवडाभराने शाळेच्या दाराशी एक तरुण उभा होता. म्हणाला, “मी गोटू. मनकर्णाबाईच्या सुनेचा भाऊ. मास्तरसाब, तुमी आमाले फसवून टाकलं.”

मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मास्तर खडूचे हात धुवायचे विसरले. मनकर्णेचा मुलगा दगा निजामाच्या मुलखात सरकी काढायच्या कारखान्यात कामाला गेला होता. हैदराबादेत फौज शिरली त्या धामधुमीत तो जो गेला तो गेला. मेल्याची बातमी नाही, जिवंत असल्याची खूण नाही. त्याची बायको मथुरा अजून विशीतली. त्यांच्या समाजात बाईचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावता येत होता, आणि मथुरेला चांगलं स्थळही चालून आलं होतं. गोटू तिला न्यायला आला होता. पण सासूने मोकळं केल्याशिवाय ती जायची कशी? आणि सासूने सगळं गाडं मास्तरांच्या पोथीवर आणून ठेवलं होतं.

“बाई म्हनते, पोथी पुरी होऊ द्या. परभ्या घरी आला त माहा दगाबी येईन, मंग मथुरा इथंच राहीन. नही आला त घेऊन जा तुही बहीन.” गोटूने मास्तरांकडे रोखून पाहिलं. “आता सांगा, येते का तुमचा तो परभंजन?”

 प्रभंजन परत येत नव्हता. तोच तर कादंबरीचा शेवट होता, त्यावरच प्रकाशक खूश होता. बिनतारी यंत्राच्या शेवटच्या श्वासावर प्रभंजन पृथ्वीला मंगळाचं तापमान आणि वाऱ्याचा वेग कळवतो, आणि यंत्र बंद पडतं. हा शेवट लिहून झाला त्या दिवशी मास्तर स्वतःवर एवढे खूश झाले होते की त्यांनी कमलसाठी जिलेबी आणली होती.

“उद्या येतो,” ते गोटूला म्हणाले. प्रकाशकाची अट गेली खड्ड्यात.

पण दुसऱ्या दिवशी सायकल मारताना त्यांचं मन दुसरीकडेच धावायला लागलं. का आणू नये प्रभंजनला घरी? मोडक्या यानाची दुरुस्ती करता येते, इंधन सापडू शकतं. लेखकाच्या हाती सगळं असतं. प्रभंजन अंगणात उतरला, बायकोने ओवाळलं, की ओसरीतल्या बायका कडाकडा बोटं मोडतील, नारळ फुटेल, म्हातारी आपल्या पायांना हात लावेल. शहरात ज्याच्या लिखाणाला कुणी विचारलं नाही, त्याला फोपनार डोक्यावर घेईल. या विचाराने मास्तरांना इतकं बरं वाटलं की ते मनातल्या मनात वाक्यंसुद्धा रचायला लागले.

गावाच्या अलीकडे केळीच्या बागेशी एक बाई उभी होती. डोक्यावर पदर, हातात विळा. मास्तर सायकलवरून उतरले.

“मी मथुरा,” ती म्हणाली. नजर जमिनीकडे होती, पण बोलणं ठाम होतं. “मास्तर, त्याले वापस नोका आनू.”

मास्तरांनी सायकल बांधाला टेकवली.

“तुमाले वाटीन, कशी बाई आहे. मलेबी तो पाहिजे. रोज कुत्रं भुकलं का मी दाराशी जाते. पर माही सासू पोथीवर इसवास ठेवते. तुमी परभंजनले आनलं का सासू मले जन्मभर वाट पाहात बसवीन, अन् मी बसीनबी. तिचं मन मोडाले मले नही जमनार.” तिने पदराने तोंड पुसलं. “तुमच्या कागदावर जे असीन ते वाचा. माह्यासाठी काही नोका करू. तिच्यासाठीबी नोका करू.”

एवढं बोलून ती केळीच्या रांगांत शिरली. मास्तरांनी पुढची वाट सायकल हातात धरून चालत कापली. रचलेली वाक्यं एकेक करून गळून गेली.

ओसरी पुन्हा सारवलेली होती. या वेळी पुरुषही आले होते. गोटू खांबाला टेकून होता, मथुरा आतल्या दाराशी. मनकर्णा पुढ्यात. तिने हस्तलिखिताला फूल वाहिलं आणि म्हणाली, “वाचा मास्तर. माह्या लेकराले लय दिस झाले वरती.”

मास्तर वाचत गेले. मंगळावरची थंडी, धुळीची वादळं, प्राणवायूच्या टाक्या एकेक करून रिकाम्या होणं. प्रभंजन यान दुरुस्त करू पाहतो तेव्हा मनकर्णेचे हातही हलत होते. दुरुस्ती फसली तेव्हा कुणीतरी “अरे देवा” म्हणालं. शेवटचं पान आलं. प्रभंजन बिनतारी यंत्रापाशी बसला. आता वाचायचं होतं तापमान आणि वाऱ्याचा वेग.

मास्तरांनी ते आकडे पाहिले आणि त्यांना लाज वाटली. एवढ्या लांबून, शेवटच्या क्षणी, माणूस आकडे कळवील? त्यांनी कागदावरून नजर उचलली. वाचल्यासारखं करण्याचं सोंग त्यांना जमलं नसतं, म्हणून त्यांनी ते केलंच नाही.

“प्रभंजन बायकोला म्हणाला,” मास्तर सांगू लागले, “मला आता परत येता येत नाही. यायची फार इच्छा होती. रोज तुझं नाव घेत होतो. पण तू दाराशी बसू नकोस. माझी वाट पाहू नकोस. कुणी चांगला माणूस भेटला तर त्याच्यासोबत घर कर. त्यात मला सुख आहे.” मास्तर थांबले. “मग यंत्र बंद पडलं. प्रभंजन तिथेच राहिला.”

एका बाईच्या मांडीवरचं मूल कुरकुरलं, तिने त्याला थोपटलं.

मनकर्णेने चौरंगाला हात टेकवला. मग तिने दाराकडे मान वळवली. “ऐकलं का वो मथुरे? त्यानं त्याच्या तोंडानं सांगलं. जाय माय. भावासंगं जाय.”

मथुरेने तोंडावर पदर घेतला आणि ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. ते रडणं सुटका झाल्याचं होतं की नवरा गेल्याचं, हे तिला तरी कुठे कळत असणार! गोटू पुढे झाला आणि तिच्या शेजारी नुसता बसून राहिला. मास्तरांचेही डोळे भरले होते. त्यांनी कागद गोळा केले आणि फडक्यात बांधायला घेतले.

“थांबा,” मनकर्णा म्हणाली.

मास्तरांचा हात थांबला.

“बायकोले सांगलं त्यानं. बरं केलं.” म्हातारीचा आवाज बारीक झाला होता. “अन् मायले? मायले काय सांगलं?”

मास्तरांनी कागदांकडे पाहिलं. एवढ्या जाडजूड कादंबरीत त्यांनी प्रभंजनला दुर्बीण दिली होती, बिनतारी यंत्र दिलं होतं, बायको दिली होती. आई दिलीच नव्हती. शास्त्रज्ञालाही आई असते, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. पुण्याच्या प्रकाशकाच्याही आलं नव्हतं.

“बाई,” ते कसेबसे म्हणाले, “ते माझ्याकडून लिहायचं राहिलं. काय म्हणाला असेल तो? तुम्हीच सांगा.”

मनकर्णेला विचार करावा लागला नाही.

“तो बाहेरून आला का मी पहिले विचारे, जेवला का रे. भुका असला तरी म्हने, जेवलो. मले चुलीशी बसा लागू नये म्हनून. मले समजे, पर मी काही म्हनत नसे.” तिने डोळे मिटले. “तेच म्हनला असीन. दुसरं काय म्हनीन? माय, मी जेवलो.”

मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली. शेवटच्या पानावर तापमान आणि वाऱ्याचा वेग लिहिला होता, त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली तेवढे तीन शब्द लिहिले.

“आता वाचा,” मनकर्णा म्हणाली, आणि तिने पोथीसमोर जोडतात तसे हात जोडले. तिच्यामागून सगळ्या ओसरीने जोडले.

मास्तरांनी कागद दोन्ही हातांत धरला. म्हातारी हात जोडून ऐकायची वाट पाहत बसली होती.

“माय,” मास्तरांनी वाचलं, “मी जेवलो.”