आडव्या दांडीखालून

बसवंतअप्पा कोरे पहाटे गेले, आणि दुपार कलायच्या आत त्यांना विमानात बसवून झालं होतं.

कोरेवाडी सगळी लिंगायतांची. तिथं गेलेलं माणूस तिरडीवर आडवं करत नाहीत. त्याला बसवून नेतात आणि मातीतही बसवूनच ठेवतात. विमान म्हणजे काय, दोन बांबूंवर बांधलेली खुर्ची, चारी कोपऱ्यांना केळीचे खुंट आणि वर झेंडूच्या माळांचं छत. थोरला मुलगा संगमेश्वर यानं बापाला पटका बांधला. कपाळाला विभूती लावली, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं.

शरणम्मा भिंतीला टेकून नवऱ्याकडं बघत होती.

"रड की गं," शेजारची गौरम्मा तिला हलवून म्हणाली. "असं कोंडून ठेवू नको."

"येईना," शरणम्मा म्हणाली. नळाला पाणी येईना म्हणावं, तसं.

विमान खांद्यावर उठलं, टाळ वाजू लागले. वाडीची रुद्रभूमी, म्हणजे माती द्यायची जागा, रेणापूर रस्त्याच्या अंगाला, ओढ्यापलीकडं. पूर्वी मधे नुसती ज्वारीची रानं होती. मग लातूर सरकत सरकत तिथवर आलं, रानांचे प्लॉट पडले आणि सुकृत नगरी उभी राहिली, भिंत, गेट, वॉचमन सगळ्यासकट. कॉलनीत बोअरवर बोअर पडले तशी वाडीची विहीर आटली. सांडपाणी तेवढं वाडीच्या तोंडाशी आलं. बायकांना धुण्याभांड्याची कामं मिळाली, म्हशी विकाव्या लागल्या. यात कुणी मुद्दाम कुणाचं वाईट केलं, असं शरणम्माला कधी वाटलं नव्हतं. होत गेलं, एवढंच.

भिंत बांधायला घेतली तेव्हा एकटे बसवंतअप्पा आडवे आले होते. पायाच्या चरात जाऊन बसले. आमची माणसं मातीला जायची वाट सोडा, म्हणाले. बांधणाऱ्याचा माणूस बरा होता. वाट किती पाहिजे, म्हणून त्यानं विचारलं. अप्पांनी घरून बैलाचा कासरा आणला आणि जमिनीवर ताणून दाखवला. मधे विमान, दोन्ही बाजूंना खांदेकरी, टाळवाले, मागं बाया. एवढी रुंद. तेवढ्याच रुंदीचं गेट निघालं. वाडीनं अप्पांचा सत्कार केला.

जन्मभर रानाच्या वाटेवरून भांडलेली माणसं ती. भांडण नेहमी रुंदीचंच. अमक्यानं बांध कोरला, तमक्यानं गाडीवाट दाबली. उंचीचं कुणाच्या डोक्यात आलंच नाही. आभाळ कोण कोरतंय?

यंदा दिवाळीच्या आधी वाळूच्या टिपरांनी कॉलनीचा सिमेंटचा रस्ता फुटायला लागला, म्हणून सोसायटीनं गेटावर एक लोखंडी पाइप आडवा टाकला. त्यानंतर वाडीतलं कुणी वारलं नव्हतं. कामाला जाणाऱ्या बाया रोज त्याच्याखालून जात होत्या, पण मान वर कुणी केली नव्हती.

विमान गेटापाशी आलं आणि थांबलं. टाळ थांबले. बसलेल्या अप्पांच्या कपाळासमोर पाइप आला होता.

"वेल्डिंग केलेली हाय काका," मुखेडकडचा वॉचमन हात जोडून म्हणाला. "मला उघडता येत न्हाई."

पोरं कटर आणायची भाषा करू लागली. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी अवधूत कुलकर्णी सर घरच्या कपड्यांतच धावत आले. कॉलेजात शिकवायचे. माणूस मऊ.

"हायवेनं न्या ना," ते म्हणाले. "मी गाडी बोलावतो. पैसे सोसायटी देईल."

"सर, ही वाट अप्पांनी मागून घेतलेली हाय," संगमेश्वर म्हणाला.

"वाट कुठं अडवलीय? मोकळीच आहे की."

"मोकळी हाय, आडवं जाणाऱ्याला!" गौरम्मा पुढं झाली. "तुमची माणसं झोपून जातात सर, आमची बसून जातात. चुकलं आमचंच. तुम्ही दांडी टाकायच्या आधी आमच्यातल्या कुणीतरी मरून दाखवायला पाहिजे होतं."

सर खाली बघू लागले. "खरंच लक्षात आलं नाही हो," म्हणाले. त्यांनी वेल्डरला फोन लावला, पुन्हा लावला. वेल्डर उचलेना. खांदेकऱ्यांनी खांदे बदलले. विधीला आलेल्या स्वामींनी उन्हाकडं बघितलं आणि दिवस बुडायच्या आत पोचायला पाहिजे, असं हळूच सांगितलं.

"चला, हायवेनं," संगमेश्वर म्हणाला. "अप्पाला खांद्यावरनं खाली घ्यायचं न्हाई. माणूस कुणाच्या दांडीखालनं वाकून गेला न्हाई कधी."

विमान वळायला लागलं तशी शरणम्मा पुढं आली.

"वळवू नका."

"अव्वा, दुसरं काय करता?" संगमेश्वर आईला म्हणाला.

"आज हायवेनं गेलात की उद्या म्हणतील, तुम्ही तिकडनंच जात होता की. चालली न्हाई तर वाट मोडती. खाली घ्या त्यांना."

"छत मोडावं लागंल."

"मोडा."

तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. पोरांनी झेंडूचं छत सोडवलं, केळीचे खुंट उपसून भिंतीला टेकवले. खांदेकऱ्यांनी बांबू खांद्यावरून हातात घेतले, कमरेपर्यंत खाली आणले आणि पाय घासत पुढं निघाले. पाइप अप्पांच्या डोक्यावरून गेला. पटक्याला थोडा लागला. पटका एका बाजूला कलला, तो कुणी नीट केला नाही, सगळ्यांचे हात गुंतलेले होते. बाल्कनीत काहींनी हात जोडले, एकीनं लेकराला आत ओढून घेतलं. सिमेंटवर झेंडूच्या पाकळ्या पडल्या. उद्या सकाळी त्या झाडायला आपल्यातलीच कुणीतरी येणार, एवढंच शरणम्माच्या मनात आलं.

मग विमान पुन्हा खांद्यावर चढलं. दिवस बुडायच्या आत अप्पा मातीत बसले. बेल पडला, विभूती पडली, माती पडली.

परतताना सर गेटापाशीच उभे होते.

"मावशी, दांडी वर घेतो मी. पुढच्या मीटिंगला विषय ठेवतो."

"ठेवा. घाई न्हाई," शरणम्मा म्हणाली. "पुढचा नंबर माझाच हाय, अन् मी बुटकी हाय."

गौरम्माला हसू फुटलं आणि तिनं ते पदरात दाबलं. शरणम्मा चेष्टा करत नव्हती. ती दोन पावलं पुढं गेली, थांबली आणि मागं वळून संगमेश्वरला म्हणाली, "परवा समाधीला पाणी घालायला इकडनंच जायचं. त्यानंतरबी. काम असू दे न्हाईतर नसू दे, घरातलं एक माणूस रोज इकडनं जाऊन यायचं."

"रोज, अव्वा?"

"हाव. उद्या मी जाते."