शेवटपर्यंत उरलेलं जोडपं

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात लग्न कोणाचंही असो, जेवणं आटोपली की ते गाणं वाजणारच. पन्नास वर्षांपूर्वीचं, संथ, व्हायोलिनच्या पाकात बुडवलेलं. 'थांब ना, अजून दिवा विझला नाही' हे धृपद आलं की बिअर पिऊन लालबुंद झालेले रांगडे गडीसुद्धा डोळे पुसतात. शेवटच्या कडव्यात ती बाई न थांबता चक्क निघून जाते, याच्याशी कोणाला काही देणंघेणं नाही.

गाण्याबरोबर तिथली एक रीतही आहे. सगळ्या जोडप्यांनी नाचायला यायचं. मग डीजे पुकारत जातो, लग्नाला पाच वर्षं न झालेले बाहेर, दहा न झालेले बाहेर. शेवटी उरेल त्या जोडप्याला नवरीचा गुच्छ, आणि हातात माईक, नव्या जोडप्याला सल्ला द्यायला. अर्लीन आणि नॉर्ब शुल्त्झ यांनी हा मान कित्येक लग्नांत पटकावला होता. सल्ला नॉर्बच द्यायचा, "बायकोच्या हो ला हो म्हणा!" आणि हॉल दरवेळी नव्यानं हसायचा.

घरी नॉर्ब हो म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे. तो बोलतच नसे. अर्लीननं दूर ॲरिझोनात, टूसॉनला बहिणीकडे कायमचं निघून जायचं याआधीही ठरवलं होतं. पण दरवेळी मध्येच कोणाचं तरी लग्न निघायचं, ते गाणं लागायचं, नॉर्ब तिला जवळ घेऊन कानाशी बेसूर गुणगुणायचा आणि बाईसाहेब विरघळायच्या. त्या चार मिनिटांच्या शिदोरीवर पुढचं वर्ष काढायचं, असा एक्कावन्न वर्षांचा संसार.

या वेळी मात्र सोमवारचं विमानाचं तिकीट काढलेलं होतं. नॉर्बला सांगायचं तेवढं राहिलं होतं, आणि शनिवारी भाचीच्या मुलीचं, केल्सीचं, लग्न होतं. गाणं लागायच्या आत सांगायचं, असं अर्लीननं मनाशी पक्कं केलं.

"नॉर्ब, मला जरा बोलायचंय."

"हॅम संपायच्या आत ताट भरून आणतो," म्हणून तो उठला. तो परत येईतो गाणं सुरू झालं होतं.

एकेक जोडपं बाहेर पडलं. नॉर्ब गुणगुणायला लागला. आता गप्प बसले तर जन्मभर इथेच, हे अर्लीनला कळत होतं. डीजेनं माईक पुढे केला आणि नॉर्बनं हात लांबवायच्या आत तिनं तो घेतला.

"मी सोमवारी नॉर्बला सोडून चाललेय," ती म्हणाली. "बहिणीकडे. कायमची."

मग हॉल असा हसला की खिडक्या थरथरल्या. "अर्लीन मावशी, जिंकलंस!" कोणीतरी ओरडलं. डीजेनं डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या आणि लोकाग्रहास्तव गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

नॉर्ब तेवढा हसला नव्हता. तिचा हात धरून तो पाय हलवत राहिला.

"सोमवारी किती वाजता?" त्यानं विचारलं.

"दहाला."

तो थांबला. अर्लीनही थांबली. जाऊ नकोस, एवढंच त्यानं म्हणावं, आणि ती खरोखर गेली नसती. तिला स्वतःचाच राग आला, पण गेली नसती.

"मिलवॉकी विमानतळाच्या रस्त्याचं काम चाललंय," नॉर्ब म्हणाला. "सहालाच निघू. मी सोडतो."

अर्लीनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. भोवती सगळ्यांनी फोन उंचावले. केल्सीनं नव्या नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"बघ ना त्यांच्याकडे," ती म्हणाली. "आपलंही असंच व्हायला हवं."

अर्लीननं ते ऐकलं, आणि त्या पोरीच्या काळजीनं तिचं रडं थांबलं.