वाकड्या मानेचा चमचा

हसू नका, चमचाच बोलतोय! मान वाकडी आहे माझी, पण जन्मतः नाही. चांगला सरळसोट होतो. या घरच्या मुलीनं मला पकडीत धरून वाकवलं आणि दांड्यावर जुन्या सायकलच्या मुठीचं रबर चढवलं. मी कळवळलो, पण चमच्याचं कोण ऐकतं?

हे सगळं तिच्या बाबांसाठी. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. मग अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात मांडीवर पडून राहिला. मुलगी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारी माणसाला पुन्हा आपल्या हातानं जेवायला, बटणं लावायला शिकवणारी. "मनगट वळत नाही ना बाबा? मग चमचा वळेल," ती म्हणाली.

पहिला घास नाकाला लागला, दुसरा बनियनवर. पण हळूहळू मी तोंडापर्यंत पोचलो. त्या दिवशी मायलेकी दोघी रडल्या. खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं.

तेवढ्यात मुलीला पुढच्या पदवीसाठी दोन कॉलेजांत जागा मिळाली. एक गावातलं, घरून डबा नेण्यासारखं, पण शिकवणं जेमतेम. दुसरं लांब, परक्या शहरात. तिथं फक्त हातांच्या उपचारांचा वेगळा विभाग होता आणि पोरीचा जीव त्यात अडकला होता. जेवताना रोज तोच काथ्याकूट.

"तुम्ही आता हातानं जेवता, मी निर्धास्त जाते," ती एकदाची म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी बाबांच्या हातातून मी पडलो. पडलो कसला, सोडलं त्यांनी मला! बोटांची पकड मला कळत नाही होय? मुलगी समोर असली की हात थरथरायचा, भात सांडायचा. ती कामावर गेली की हेच गृहस्थ पेपर वाचत वाडगा चाटूनपुसून साफ करायचे. आई खिडकीशी राखणीला. "आली, आली! ठेवा तो चमचा!"

"आपण चुकतोय का गं?" एकदा बाबांनी विचारलं.

"ती गेली की आपल्याला कोण बघणार?" आई म्हणाली आणि मला घासून जागेवर ठेवलं.

पोरीनं माझी मान आणखी वाकवली, व्यायाम वाढवले. आपलंच काहीतरी चुकतंय, असं तिला वाटायचं. शेवटी लांबच्या कॉलेजातल्या बाईंना तिनं फोन केला. "घरातला एक हात मला बरा करता येत नाही, जगाचे हात काय बरे करणार?" असं म्हणून तिनं जागा सोडली. त्या दुपारी बाबांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

गावातलं कॉलेज सुरू झालं. एकदा तास लवकर सुटले. आई आंघोळीला गेलेली, बाबांच्या तोंडात घास, हातात मी, आणि दारात मुलगी.

"आजच जमलं बघ, पोरी!"

तिनं मला उचललं. अंगठ्याखालचं रबर रोजच्या वापरानं गुळगुळीत झालं होतं. तिनं त्यावरून बोट फिरवलं. आता आभाळ कोसळणार, असं मला वाटलं. पण ती ना ओरडली, ना रडली.

"छे, तुम्हाला कुठं जमतंय?" ती गोड आवाजात म्हणाली. "आ करा."

तेव्हापासून ती किंवा तिच्या हुकमानं आई भरवते. गळ्याला फडकं बांधून, पाहुण्यांदेखत. बाबांनी हात पुढे केला की "सांडेल हं" म्हणत मुलगी तो उचलून मांडीवर ठेवते. आईची मान वर होत नाही. शेजारीपाजारी म्हणतात, मुलगी असावी तर अशी!

मी समोरच्या काचेच्या कपाटात, कुलपात आहे. बाबांना दिसतो. न वापरलेला हात आखडतो, हे या घरात तिच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यांची बोटं आता तळव्याकडे वळायला लागली आहेत.

पोरी, त्यांनी तुझं वाटोळं केलं, कबूल. पण तूच मला हात बरे करायला घडवलंस ना? मग बाहेर काढ गं मला, हात अजून पुरता गेलेला नाही.

काल तिनं काहीतरी घ्यायला कपाट उघडलं. मागून बाबांचा आवाज आला, "बाळ, एकदा देतेस तो चमचा? बघतो जमतंय का."

तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"उगीच कशाला त्रास घेता बाबा," ती म्हणाली आणि कुलूप लावलं. "मी आहे ना. मी कुठं जाणार आहे आता?"