उभं माप

"गो बाय, पायरी झिजतली माझी," दत्तप्रसाद आतून म्हणाला.

सुहानाने मान वर केली नाही. चिऱ्याच्या पायरीवर उकिडवी बसून ती कातड्याचा एक तुकडा तळहाताखाली दाबून दगडावर घासत होती. रेक्झिनच्या तुकड्याच्या दोन हिसक्यांतच चिंध्या झाल्या होत्या. मेंढीचं कातडं हाताला रेशमासारखं मऊ लागलं, पण घासता घासता इतकं विरलं की त्यातून बोट दिसायला लागलं. आता तिच्या हातात म्हशीचं कातडं होतं. जाड, हट्टी, वाकवलं तर आपल्या सवडीने सरळ होणारं. जांभ्याच्या खरखरीत अंगावर तिने ते सगळा जोर लावून ओढलं. तिच्याच बोटांची सालं निघाली. कातड्यावर नुसता पांढरट ओरखडा उठला.

"ह्याचाच करा," ती म्हणाली.

"म्हशीच्या कातड्यात ह्यो चैतात शिजतलो."

"शिजांदे."

तिचा धाकटा भाऊ रमीझ अंगणात गाडीला टेकून उभा होता. तो हसला, पण ओशाळल्यासारखा. आपण पंप दुरुस्त करायला जातो, लढाईला नाही, असं तो सावंतवाडीपर्यंतच्या वाटेवर तिला चारदा तरी सांगून चुकला होता. सुहाना मागे बसून ऐकत होती, आणि प्रत्येक वळणावर त्याचा शर्ट मुठीत घट्ट धरत होती.

गाडी अब्बांची होती. पंपांचं कामही खरं तर अब्बांचंच. सिराज मिस्त्री म्हटलं की आतल्या गावांतले काजूवाले, माडा-पोफळीवाले गाडीच्या आवाजावरून ओळखायचे आणि चहा ठेवायचे. अब्बा गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर रेडीकडून परत येताना वळणावर सांडलेल्या बारीक खडीवरून घसरले. गाडी आडवी झाली आणि ते तिच्याबरोबर फरफटत गेले. गळपट्टीचं हाड मोडलं, ते जुळलं. पण पडताना शर्ट वर सरकला होता आणि कमरेशी हातभर कातडं रस्त्यावर राहिलं, ते काही पुन्हा आलं नाही. अब्बांना साखर होती. सुहाना रोज सकाळी ड्रेसिंग करायची. जखम लाल होती, मग पिवळी झाली, मग तिचा रंग सांगवेना. हाडापेक्षा कातडं मोठं असतं, हे तिला तेव्हा कळलं.

ती ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीत बसते. नाव, वय, गाव, काय झालं, एवढंच तिचं काम. गर्दी नसेल तेव्हा मांडीवर पुस्तक उघडं असतं. पण अब्बा गेल्यापासून रुग्णवाहिकेचा आवाज आला की पुस्तकातली ओळ तिथेच तुटते. स्ट्रेचर खिडकीवरून जाताना ती चेहरा बघत नाही, आधी पाय बघते. पाय रमीझचे नाहीत हे दिसलं की मग ती पेन उचलते. आणि आता रमीझने कुडाळची नोकरी सोडून अब्बांची फेरी धरायचं ठरवलं होतं.

थांबवून तो थांबणार नव्हता. मग तिने कातडं शोधलं. दत्तप्रसादने मुंबईत बरीच वर्षं चामड्याच्या कारखान्यात काढली होती. गावी परतल्यावर घराच्या पडवीत मशीन मांडलं. गोव्याच्या बाजूचे मोटरसायकलवाले त्याच्याकडून अंगाच्या मापाचे कोट-पँट शिवून नेत. सुहानाने त्याला एकेक विचारून घेतलं. शिवण एकेरी की दुहेरी, दोरा कुठला, चेनचे दात धातूचे आहेत का, कोपर, गुडघा, खुबा इथे आतून गादी कशी बसवणार, छातीला वाऱ्यासाठी भोकं पाडली तर तिथे कातडं फाटणार नाही ना. त्याने न कंटाळता सगळं सांगितलं. तयार मिळतं ते घेऊ नकोस, म्हणाला. सैल कोट पडल्यावर फिरतो आणि गादी भलत्याच जागी जाते.

मग तो टेप गळ्यात घालून अंगणात आला. रमीझला गाडीवर बसवलं, हात हँडलवर ठेवायला लावले. उभ्या माणसाचं माप शिंप्याला, बसलेल्याचं मला, असं म्हणून त्याने छाती घेतली, दंड घेतला, मांडी घेतली.

"उंची किती रे तुझी?"

"म्हायत नाय."

"तीस वर्षाचो घोडो झालंस आणि उंची म्हायत नाय?"

रमीझने बहिणीकडे बघितलं. शाळेत उंची-वजन घ्यायचा दिवस आला की अम्मी दोघांनाही ताप आल्याचं सांगून घरी ठेवायची. भिंतीला पाठ लावून पेन्सिलीची खूण करायचीही त्यांच्या घरात सोय नव्हती. जिवंत माणसाचं डोक्यापासून टाचेपर्यंत सलग माप घ्यायचं नाही, ते माप कफनचं, एवढंच अम्मीला ठाऊक होतं. तिला ते तिच्या आईने सांगितलं होतं. सुहाना मोठी झाल्यावर या गोष्टीला हसायची. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाने अशा गोष्टीला हसायचंच असतं.

दत्तप्रसादने टेपचं टोक रमीझच्या मानेच्या मणक्यावर ठेवलं आणि टेप पाठीवरून खाली सोडली. हात लांब करत तो म्हणाला, "खालचा टोक कोण तरी टाचेक धरा."

"नको," सुहाना म्हणाली.

इतक्या मोठ्याने की दत्तप्रसादचा हात जागीच राहिला.

तिला अंगण दिसतच नव्हतं. आडोशाला बांधलेली चादर दिसत होती आणि चादरीपलीकडे अब्बांना शेवटची आंघोळ घालताना पाणी पडत असल्याचा आवाज येत होता. बायका आत पांढरं कापड मांडून बसल्या होत्या, कात्री तिच्या हातात होती. मुनीबचाचांनी दोऱ्याने माप घेतलं आणि पलीकडून मोठ्याने सांगितलं. ती नीट ऐकू शकली नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. अब्बांची उंची तिला आयुष्यात पहिल्यांदा कळली ती तेव्हा.

मग रमीझनेच दत्तप्रसादला थोडक्यात समजावलं, आणि शेवटी थट्टेवर नेलं. आमच्या घरात आपल्याला किती कापड लागतं ते मेल्यावरच कळतं, म्हणाला. दत्तप्रसाद हसला नाही. त्याने टेप गुंडाळली. नको तर नको, कोट वेगळा मापू, पँट वेगळी मापू, माणसाला जड जाईल असं काही करायचं नाही. सुहानाला त्याचे पाय धरावेसे वाटले.

कोटाचा अंदाज यावा म्हणून त्याने आतून कुणा गिऱ्हाईकाचा शिवून ठेवलेला काळा कोट आणला आणि रमीझला चढवला. खांदे बरोबर बसले. रमीझने आरशात न बघताच छाती फुगवली.

"वाकून बस. गाडी चलयतंस तसो," दत्तप्रसाद म्हणाला.

रमीझ हँडलवर वाकला. वाकला तसा कोट पाठीवरून वर गेला, पँट खाली ओढली गेली, आणि दोन्हींच्या मध्ये त्याची कमर उघडी पडली. गव्हाळ, गुळगुळीत, मधोमध एक तीळ. सुहाना त्या जागेकडे बघत राहिली. रोज सकाळी ती जिथला कापूस उचलायची, ती हीच जागा.

"आपा, कसो दिसतंय?" रमीझ पुढे बघत विचारत होता.

ते झाकायला काय करावं लागेल, हे तिने हळू आवाजात दत्तप्रसादला विचारलं. तो म्हणाला, कोट आणि पँट कमरेशी चेनने गोल जोडता येतात, मग पडला तरी वर सरकत नाही. पण जोडायचं तर दोन मापं वेगळी घेऊन चालत नाही. मानेपासून टाचेपर्यंत, वाकलेल्या अंगावरून, एकच टेप जायला हवी. नाहीतर ओढ बसते आणि चेन नेमकी तिथेच फाटते. एवढं सांगून तो उगाच कोटाच्या बाह्या सारख्या करू लागला.

सुहाना पायरीवर बसली. दुपार झाली होती, शेजारच्या घरातून मासे तळल्याचा वास येत होता. एका बाजूला खडी होती. दुसऱ्या बाजूला चादरीपलीकडून माप सांगणारा तो आवाज. खडीची भीती खरी आणि आवाजाची खोटी, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण दोन्ही आठवताच हाताला तोच थंडपणा यायचा. अम्मीला विचारायचं तर ती फोनवरच रडू लागली असती. आज माप घेऊन परतलो आणि उद्या काही झालं, तर ते टेपमुळे झालं असं ती जन्मभर म्हणेल. अम्मी म्हणेल, आणि सुहानासुद्धा म्हणेल. आणि माप न घेता झालं तर?

रमीझ गाडीवरून उतरून तिच्यासमोर आला. कोटात घामाने निथळत होता.

"आपा, माका भीती नाय गो," तो म्हणाला.

"माका आसा," ती म्हणाली. "तू बस गाडीर."

ती उठली. दत्तप्रसादला म्हणाली, "घेवा माप. पण आकडो मोठ्यान सांगू नकात. लिवन ठेवा, माका दाखवू नकात."

त्याने मान डोलावली. रमीझने कोट काढला, चपला काढल्या, पुन्हा गाडीवर बसला, वाकला. टेपचं एक टोक दत्तप्रसादने मानेवर दाबलं आणि पाठीच्या बाकावरून, कमरेवरून, मांडीवरून टेप नीट बसवत खाली आणली. सुहाना धुळीत गुडघ्यांवर बसली. तिने उजव्या हाताने दुसरं टोक घेतलं, डाव्या हाताने भावाची टाच धरली. टाच भेगाळलेली होती, भेगांत पंपाचं काळं वंगण मुरलेलं. तिने पकड घट्ट केली.

"गुदगुल्यो होतत गो," रमीझ म्हणाला आणि त्याने पाय ओढला. टेप निसटली.

दत्तप्रसादने पुन्हा मानेपासून आणली. टेप टाचेला टेकली न टेकली तोच पायाची बोटं आक्रसली, टाच तिच्या मुठीत वळवळली आणि माप पुन्हा चुकलं. वर रमीझ हसू दाबत होता, त्याचं हसू त्याच्या पायापर्यंत येत होतं.

"गप रव रे जरा," दत्तप्रसाद म्हणाला. "असा माप कसा घेव मी?"

सुहानाच्या हातात टाच गरम होती. घामेजलेली, जड, जागच्या जागी न राहणारी.

"हलांदे तेका," ती म्हणाली.

दत्तप्रसादने टेप गोळा केली आणि पुन्हा मानेपासून सुरुवात केली.