टोकन नंबर ४१७२

काळाचौकीच्या चाळीतले गणपत घाडी पन्नाशी उलटल्यापासून ऐकत आले होते की गिरणी कामगारांना घरं मिळणार. आता पंच्याहत्तरी आली. आपला अर्ज बायकोने केव्हाच भरलाय, एवढं त्यांना ठाऊक होतं. पण नवी यादी निघाली तर तिच्यात त्यांचं नावच नव्हतं. लालबागला कामगार समितीच्या कचेरीतले शामराव म्हणाले, "तुमचा जुना अर्ज सापडत नाही, आजोबा. नावाने शोधून बघितला." मग त्यांनी सगळ्या स्कॅन केलेल्या अर्जांची एक मोठी झिप फाइल पेनड्राइव्हवर दिली. "नातीला बघायला सांगा."

नात श्रेया लोअर परळला एका कंपनीत सर्व्हर सांभाळायची. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिने लॅपटॉप उघडला. आजोबा खुर्ची ओढून शेजारी बसले. आजी, कमल, मोरीत भांडी घासत होती.

"सगळी फाइल उघडायला लॅपटॉपमध्ये जागाच नाहीये," श्रेया म्हणाली. "आपल्याला पाहिजे तेवढंच बाहेर काढू."

तिने कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत 'गणपत घाडी' लिहिलं, मागेपुढे चांदण्या टाकल्या. त्या नावाची एकही फाइल नाही, असं उत्तर आलं.

"ह्या चांदणीचा काय काम?" आजोबांनी विचारलं.

"तिच्या जागी काहीही असलं तरी चालतं. तुमचा गिरणीतला टोकन नंबर काय होता?"

"एक्केचाळीस बहात्तर." त्यांना विचार करावा लागला नाही.

श्रेयाने टाइप केलं:

unzip arj.zip '*4172*'

भराभर पाच ओळी आल्या. दोन फाइल १४१७२ नंबरच्या, कुणा भलत्याच माणसाच्या. उरलेल्या तीन ४१७२ च्या होत्या. आजोबांनी मांडीवर थाप मारली. "बघ! गावला!"

पण त्या तिन्ही फाइलींच्या नावात 'कमल' होतं. श्रेयाने पहिली उघडली. २००१ सालचा अर्ज. अर्जदार: श्रीमती कमल गणपत घाडी. नातं: मयत कामगाराची पत्नी.

श्रेयाला वाटलं, कुणीतरी चुकीचा कागद जोडलाय. तिने दुसरी फाइल उघडली. ते प्रतिज्ञापत्र होतं. 'माझे पती सुरत येथे कारखान्यास लागलेल्या आगीत मयत झाले असून...' खाली आजीची वाकडीतिकडी सही.

"आजोबा, हे..." तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

आजोबा स्क्रीनकडे वाकले. एकेक अक्षर लावत त्यांनी सगळं वाचलं. मग त्यांनी स्वतःच बोट लावून तिसरी फाइल दाखवली. "ही उघड."

तो फोटो होता. आजीचा. तेव्हा तिचे केस काळे होते. कपाळ मोकळं होतं आणि गळ्यात काही नव्हतं.

मोरीतला नळ बंद झाला. कमल पदराला हात पुसत बाहेर आली, स्क्रीनवर तिची नजर गेली आणि ती उंबऱ्यातच खाली बसली.

गणपत गिरणीतली नोकरी सुटल्यावर सुरतेला गेले होते, हे श्रेयाला माहीत होतं. सात वर्षं घरी पत्र नाही, पैसा नाही. २००३ ला परत आले, तेव्हा ती दोन वर्षांची होती. घरात ह्याच्यापुढे कुणी कधी बोललं नव्हतं.

"तुमच्याबरोबर कामाक होतो तो जयवंत सुरतेवरनं इलो होतो," कमल म्हणाली. "तो म्हणालो, कारखान्याक आग लागली, तुमी आत होतात. तुमची पिशवी घेऊन इलेलो."

"पिशवी मी आदल्याच दिवशी थय टाकून गेलंय," आजोबा म्हणाले. "दुसऱ्या कारखान्यातल्या लूमवर." त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "तुका खराच वाटला?"

"खराच. आपल्या पोराने, वैभवने डोक्याचे केस काढल्यान. तेरावा केला. सगळी चाळ जेवली."

"सगळी चाळ?"

कमलने मान डोलावली.

आजोबा उठून गॅलरीत गेले. समोरच्या खोलीतले, खालचे, बाजूचे, बावीस वर्षं रोज 'काय गणपतराव' म्हणणारे सगळे त्यांच्या तेराव्याला जेवले होते. आणि एकानेही तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी कठड्याला दोन्ही हातांनी धरलं. श्रेया मागे धावली, तिला वाटलं ते पडतील.

"परत इल्यावर सांगूचा नाय?" त्यांनी वळून विचारलं.

"तुमी दारात उभे रवलात तेव्हा मी पीठ मळी होतंय," कमल म्हणाली. "तसाच उठून कुंकू लावलंय. मगे शेजारणींका सांगितलंय, ह्येंच्या कानावर घालू नका. माणूस जिता इलो, त्याका मेल्याची गोष्ट कशाक सांगूची?"

"आजी, पण अर्ज?" श्रेया म्हणाली.

"तो रद्द करूक गेलंय असतंय तर ह्येंका कळला असता."

आजोबा आत येऊन परत खुर्चीत बसले आणि श्रेयाला म्हणाले, "तो फोटो बंद कर. बघवना नाय."

त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. श्रेयाचा बाबा वैभव आला, त्याने बापाकडे आणि स्क्रीनवरच्या अर्जाकडे बघितलं आणि न विचारताच त्याला सगळं समजलं. तो नुसता भिंतीला टेकून बसला.

मंगळवारी श्रेयाने रजा टाकली आणि दोघांना घेऊन ती भोईवाड्याला कोर्टाबाहेर गेली. समितीने सांगितलं होतं की गणपत हयात असल्याचं नवं प्रतिज्ञापत्र लागेल. टायपिस्ट बाईंनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा गणपतकडे वर मान करून बघितलं आणि टाइप करायला घेतलं: 'माझ्या पत्नीचा गैरसमज झाल्याने...'

"थांबा," गणपत म्हणाले. "तिचो गैरसमज नाय. मी सात वर्षां पत्र धाडूक नाय. असा लिवा."

"त्याची गरज नसते, आजोबा."

"लिवा," ते म्हणाले.

कमलने तोंडाला पदर लावला आणि ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. बाईंनी ती ओळ खोडली आणि आजोबांनी सांगितलं तसं लिहिलं.