जाम-वर्धा काळीपिवळी

वर्धा जिल्ह्यातल्या जाम गावी आमच्या खताच्या दुकानात बसून, कुणी न शिकवता, मी वेबसाइट बनवली. मोटारशर्यतीच्या गेममधल्या एकशेबारा गाड्यांचा वेग मी स्वतः खेळून मोजला आणि तिथं मांडला.

२००६ साली गेमच्या कंपनीचा मेल आला. ‘आमच्या साइटवरची यादी तुम्ही चोरली. बंद करा.’

बाबा म्हणाले, “वर्षाली, मोठ्या लोकायशी काऊन भांडून राह्यली? टाक बंद करून.”

मी कंपनीची यादी उघडली. तळाशी होती जाम-वर्धा काळीपिवळी जीप. वेग चाळीस, माणसं सतरा. माझी साइट तपासायला मीच ती गंमत म्हणून माझ्या यादीत टाकली होती आणि काढायला विसरले होते.

मी उत्तर धाडलं, ‘तुमच्या गेममध्ये ही जीप चालवून दाखवा. त्याच दिवशी साइट बंद करते.’